डाव्या बाजूचे गुडघे

आधीच सांगून ठेवतो, माझा भुतांवर विश्वास नाही. गढा या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर वर्षी ‘भूत : एक भ्रम’ या विषयावर भाषण मीच करतो, तेही हातात कागद न घेता. माझी बायको शकु पहिल्या रांगेत बसते. तिला ते भाषण माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, त्यामुळे मी अडखळलो की तिचे ओठ हलतात. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढची हकीकत ऐकून तुम्ही मला त्यातला समजू नये. जरा आत सरकून बसा, दारातून थंडी येते.

दोन हजार सहाचा डिसेंबर होता. माझं काम गाड्यांमध्ये टेप आणि स्पीकर बसवायचं. नुसता स्पीकर कोणीही बसवतो; मी वूफरची पेटी गाडीच्या अंगाबरोबर बनवतो, शिंपी सदरा बेततो तशी. त्या पेटीत हवा किती मावते यावर सगळा खेळ असतो. हवा कमी पडली तर आवाज गुदमरतो, जास्त झाली तर नुसता ढबढबतो.

सोमवारी सकाळी सिविल लाइंसचा दिवाकर त्याच्या वडिलांची पांढरी अॅम्बेसेडर घेऊन आला. डिक्कीत गॅसची टाकी होती, तेव्हा पेटी आतच बसवायची ठरली : मागच्या सीटसमोर, डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेत.

“टिकाराम भैया, रविवारी दोस्तची बारात आहे,” दिवाकर म्हणाला. “बेस असा पाहिजे की घोडी नाचली पाहिजे. बस!”

त्याच्याबरोबर त्याची आई आली होती, राधाबाई. बारीक चणीची, कानाला स्वेटरची टोपी बांधलेली बाई. दिवाकर तारा दाखवायला पुढे गेला तशा त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊ, मागची सीट तेवढी काढू नका. तिथं आम्ही दोघं बसतो.”

त्यांचे यजमान विष्णुपंत मागच्या दिवाळीत वारले होते. बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर गाडी फारशी बाहेर निघत नसे, पण रोज दुपारी साडेचारला नवरा-बायको थर्मास घेऊन अंगणात उभ्या गाडीत मागे जाऊन बसत. ते डावीकडे, या उजवीकडे. चहा घेत, फाटकाकडे बघत गप्पा मारत. घरात माणसांचा राबता, दोन घटका निवांत बोलायला तेवढीच जागा. ते गेल्यावरही राधाबाईंनी तो नेम मोडला नव्हता.

“एवढंच राहिलं आहे माझं,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना शब्द दिला. सीटला हात लावणार नाही. ‘दोघं’ हा शब्द मी आठवणीच्या खात्यात टाकला. पाय ठेवायच्या जागेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि तो विचार माझ्याही डोक्यात आला नाही.

काम सुरू झालं. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावली. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं बनियनचं कापड, त्यावर रेझिनचे हात. त्या रेझिनचा वास असा, की दोन दिवस वरणालाही तोच वास येतो. मी मागच्या सीटवर डावीकडे बसून, वाकून काम करायचो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण ती सीट कशी कोण जाणे, ऊबदार असायची. रेक्झिन जुनं आहे, ऊन धरून ठेवत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शेडमध्ये ऊन येत नाही हे मला नंतर आठवलं.

आणखी एक. माझ्या हातून माप सूत-दोन सूत चुकलं की मानेमागून बारीकसा ‘च्’ असा आवाज यायचा. आपण एखाद्या मूर्ख माणसाला बघून करतो तसा. मी म्हटलं, स्प्रिंग असेल.

राधाबाई रोज साडेचारला ऑटोने यायच्या. थर्मास घेऊन गाडीत उजवीकडे बसायच्या. मी डावीकडे पेटीवर वाकलेला, त्या आपल्या चहा पीत काहीतरी पुटपुटत. माझ्याकडे बघून जरा संकोचायच्या. एकदा मी विचारलंही, “काकू, माझी अडचण होते का?”

“नाही नाही… तुम्हाला चालत असेल तं चालू द्या,” त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

बुधवारी पेटी तयार झाली. आता तिच्यात हवा किती मावते ते मोजायचं होतं. वाकड्यातिकड्या पेटीचं माप पट्टीने निघत नाही. त्याला माझी युक्ती अशी, की वूफरच्या भोकातून वाळलेले वाटाणे ओतायचे आणि किती मावले ते मोजायचं. माझा मेहुणा पनागरला वाटाणा पिकवतो, त्यामुळे घरात त्याची ददात नाही. हिशेबाने या पेटीत बरोबर तीन पिपे, म्हणजे तेलाचे पंधरा लिटरवाले तीन डबे, मावायला हवे होते.

अडीच मावले आणि वाटाणे भोकातून बाहेर सांडायला लागले.

मी सगळे उपसले, परत ओतले. अडीच. शकुला बोलावलं. तिने पदर खोचला, पेटी गदगदा हलवली, वरून दाबून भरले. अडीच.

“तुमचं गणित चुकलं,” शकु म्हणाली.

“माझं गणित चुकत नसतं.”

“मग आत काहीतरी आहे.”

मी पेटी रिकामी करून आत टॉर्च मारला. कोरडी, स्वच्छ, रिकामी पेटी. आतून हात फिरवला. मधोमध आला आणि हात… अडला असं म्हणणार नाही. पण पुढे न्यायची इच्छा होईना. तेवढ्यात लाइट गेली. पत्र्याच्या शेडमध्ये डिसेंबरच्या दुपारी चार वाजताच संध्याकाळ होते.

मी अगरबत्ती पेटवली. गैरसमज नको, फट शोधायला आम्ही अगरबत्ती वापरतो. जिथे फट तिथून धूर निसटतो. “बुद्धापुढची अगरबत्ती पेटीला?” असं शकु पुटपुटली, पण तिने आणून दिली. मी ती भोकातून आत धरली आणि टॉर्चच्या उजेडात बघत राहिलो.

धूर पेटीत पसरलाच नाही. तो वर चढला, मध्येच फुटला, आणि दोन उभ्या गोष्टींना वळसा घालून गेला. दोन खांबांना घालावा तसा. खांब नव्हते. फक्त वळसा होता.

“शकु… बघितलं?”

“मी काही नाही बघितलं,” शकु म्हणाली. तिने डोळे घट्ट मिटले होते.

तेवढ्यात ऑटो थांबल्याचा आवाज आला. साडेचार वाजले होते. राधाबाई थर्मास सांभाळत शेडमध्ये आल्या. आम्हा दोघांचे चेहरे बघून दारातच थबकल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी शास्त्रीय भाषेत, घाम पुसत. हिशेबाने तीन पिपे, मावतात अडीच, अर्ध्या पिपाची जागा कोणीतरी… म्हणजे कशाने तरी… व्यापली आहे.

राधाबाईंनी थर्मास खाली ठेवला. पेटीकडे बघितलं, सीटकडे बघितलं, आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला.

“अगं बाई! त्यांचे पाय…”

“कोणाचे?”

“ह्यांचे. तिथंच असतात ना पाय. गुडघ्याखालचे. तुम्ही त्यांच्या पायांवरूनच पेटी बांधली की हो, भाऊ!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तरी मी म्हणते, काल काहून कळवळून राहिले. संधिवात आहे त्यांना. आणि तीन दिवस झाले, बिचारे उठू नाही शकले…”

मी मनात हिशेब केला. दोन पाय, गुडघ्यापासून खाली. साधारण अर्धा पिपा. गणित खरंच चुकलेलं नव्हतं.

“आणि बाकीचे?” मी विचारलं. “बाकीचे विष्णुपंत कुठे आहेत, काकू?”

राधाबाईंनी मान खाली घातली. “मी बोलणार नव्हते… ते सीटवरच आहेत. तुम्ही तीन दिवस त्यांच्या मांडीवर बसून राहिले ना. मला वाटलं, तुमच्या कामात असंच बसत असतील.”

शकु हसली. भीतीने की कशाने, पण फस्सकन हसली, आणि नंतर जवळजवळ महिनाभर तिला मध्येच आठवण येऊन हसू यायचं. मी मात्र जमिनीवर बसलो. ती ऊब, तो मानेमागचा ‘च्’… पन्नाशीचा बाप्या मी, आणि तीन दिवस एका परक्या गृहस्थाच्या मांडीवर.

“चांगले म्हणतात तुम्हाला,” राधाबाई माझी समजूत घालत म्हणाल्या. “हात साफ आहे म्हणतात. वजनाला भारी आहे जरा, पण हात साफ आहे.”

मी करवत घेतली आणि पेटीला दोन खोल खाचा पाडल्या, गुडघे सुटतील अशा. कापताना राधाबाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, “हळू… डावीकडून जरा… हां, आता सुटला.” खाचांना परत कापड, परत रेझिन. मागच्या बाजूला फुगवटा देऊन जागा भरून काढली. शुक्रवारी मोजले तेव्हा बरोबर तीन पिपे मावले. दिवाकरने खाचा बघून विचारलं, “ये क्या डिजाइन है, भैया?” मी म्हटलं, नवीन फॅशन आहे. रविवारी घोडी नाचली, असं ऐकलं.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. दहा दिवसांनी अॅम्बेसेडर परत दुकानासमोर थांबली. पुढे दिवाकर, मागे एकट्या राधाबाई. त्या उतरल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

“ते गाडीत नाहीत,” त्या मला म्हणाल्या. “त्या दिवशी पाय सुटले तसे उतरले ते. गाडीत परत बसलेच नाहीत. मी दहा दिवस एकटी चहा पिऊन राहिले, भाऊ.” बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, करवतीजवळच्या स्टुलावर. स्टूल रिकामं होतं. त्या एकदम रागावल्या. “हे काय! इथं बसले का? घरी चला!”

मग त्या ऐकत राहिल्या. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. त्यांचे खांदे पडले.

“नाही येत म्हणतात. घरी काय करू म्हणतात. इथं काम चालू असते, मन लागते. आणि तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही म्हणतात.”

माझ्या दुकानात तेव्हा नथ्थू पानवाला उभा होता. नथ्थूला कळलेली गोष्ट तासाभरात सगळ्या गढ्याला कळते. माझं भाषण त्याने सहा वेळा ऐकलेलं. मी नथ्थूकडे बघितलं, शकुकडे बघितलं. मग राधाबाईंकडे बघितलं. थर्मास छातीशी धरून त्या उभ्या होत्या, आणि त्या थर्मासच्या पट्ट्यात दोन कप अडकवलेले होते. मी स्टुलापुढे गेलो आणि हात जोडले.

“साहेब,” मी म्हणालो, “माझं काम मी पाहून घेईन. तुम्ही घरी जा. काकूंना तुमच्याशिवाय कोणी नाही. दिवाकर आहे, पण तो तं बेसच ऐकत राहतो. जा साहेब… हात जोडतो.”

नथ्थूच्या हातातलं पान तसंच राहिलं. स्टूल किंचित करकरलं. राधाबाईंनी धावत जाऊन गाडीचं डावं दार उघडलं, म्हातारा माणूस गुडघे सांभाळत आत बसायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळ धरून ठेवलं, आणि हळूच लावलं. गाडी डाव्या बाजूला एक बोटभर दबली. दिवाकरने सवयीने गाणं लावलं तशा मागून राधाबाई म्हणाल्या, “आवाज कमी कर रे, बाबा बसून राहिले.” आणि त्याने मुकाट्याने केला.

त्या वर्षी विहारात भाषण दुसऱ्याने केलं. मी पाठ दुखते असं सांगितलं.

आता परवाची गोष्ट. एका जीपची पेटी होती. शकु माहेरी गेलेली, दुकानात मी एकटा. दुपारचे साडेचार झाले असतील. फळीवर खूण केली, करवत लावली, आणि मागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, “दोन सूत कमी.”

मी वळलो नाही. करवत ठेवली, राधाबाईंना फोन लावला. म्हटलं, काकू, साहेब परत इकडे आले वाटतं.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. मागे कपबशीचा आवाज येत होता. “ते तं इथं माझ्या बाजूला बसून चहा घेऊन राहिले. काहून?”

मी फोन ठेवला. पट्टी घेतली, फळी मोजली. दोन सूत कमीच होती.