गोट्याची गळकी वाक्यं

गोट्याची छोटी वाक्यं धड येत होती, पण मोठ्या वाक्यांमधली अक्षरं गळत होती. चंद्रावरच्या आमच्या वसाहतीत हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. आताच सांगून ठेवते, नाहीतर याचंही कौतुक निषादच्या वाट्याला जाईल.

निषाद माझा आत्तेभाऊ. सुट्टीत नांदेडहून आला आणि थेट आजीशेजारच्या स्टुलावर बसला. माझ्या स्टुलावर! आजी वसाहतीच्या संगणकाच्या कर्नलवर (सगळा कारभार चालवणाऱ्या गाभ्यावर) काम करते. तिच्याकडे सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर असतो, म्हणजे तारेतून आलेलं यंत्राचं बोलणं गाभ्यापर्यंत पोचवणारा छोटा प्रोग्राम. गोट्या हा आमचा माती तपासणारा जुना यंत्रमानव. बाहेरून आला की तो भिंतीतल्या पोर्टला आपली तार जोडतो आणि काय पाहिलं ते सांगतो.

आजी या वर्षी हे काम सोडणार होती. ते मला हवं होतं. आणि एके दिवशी तिने ड्रायव्हरमध्ये निषादने केलेला बदल घेतला, वर म्हणाली, "छान लिहिलंस रे!" माझा नुसता जळफळाट झाला.

दोन दिवसांनी गोट्याने तार जोडली. "आलो" नीट उमटलं. मग पडद्यावर आलं, "उत्तरेच्या उतारावरची माशीत आहे, गाडी आणू नका."

"माती भुसभुशीत, असं म्हणायचंय त्याला," मी म्हणाले. "आजी, परवापर्यंत गोट्या नीट बोलत होता."

'परवापर्यंत' म्हणताना मी निषादकडे बघितलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आजीने चष्मा लावला. "तारेतून अक्षरं कशी येतात, सांग बघू."

"एकामागून एक. पोर्टमधल्या छोट्या पेटीत पडतात. मग पोर्ट घंटी वाजवतं (गाभ्याला हाक मारतं), आणि ड्रायव्हर पेटी रिकामी करतो."

"घंटी कधी वाजते?"

"आधी पेटी अर्धी भरल्यावर वाजायची. निषादने ती पूर्ण भरल्यावर वाजवायची ठरवली."

"गाभ्याला सारखा त्रास नको म्हणून," निषाद पुटपुटला. "तो हवेचा दाब सांभाळत असतो."

"हेतू चांगला होता," आजी म्हणाली. "पण गाभा हातातलं काम टाकून येईपर्यंत गोट्या थांबतो का?"

"नाही. बोलत राहतो," मी म्हणाले. "पेटीत जागा नसते, म्हणून मधली अक्षरं सांडतात. छोटं वाक्य पेटीत मावतं, म्हणून ते वाचतं."

निषादचं तोंड एवढंसं झालं. "तुला कसं कळलं?"

"तुझा बदल पाच वेळा वाचला. चूक सापडावी म्हणून."

आजी मला ओरडेल असं वाटलं होतं, पण ती हसली. "आमच्याकडे एकाचं लिखाण दुसऱ्याने तपासल्याशिवाय गाभ्यात जात नाही. मी ते नातवाच्या कौतुकात तपासलं आणि चूक सुटली. जुईने जळून तपासलं, तिला सापडली. तेव्हा ड्रायव्हर आता दोघांचा. निषादचं जुई वाचेल, जुईचं निषाद."

"दोघांचा?" मी म्हणाले. "तो तर नांदेडला जाणार."

"तिथे वाचता येत नाही का?"

मी माझं स्टूल परत घेतलं आणि झटपट दुरुस्ती लिहिली: पेटी अर्धी भरली की घंटी. निषाद जमिनीवर मांडी घालून वाचत बसला. किती वेळ वाचत होता!

"गोट्या नुसतं 'हो' म्हणाला तर?" त्याने विचारलं. "पेटी अर्धीसुद्धा भरणार नाही. बोलणं थांबलं की उरलेली अक्षरं उचलायची, ही ओळ तू खोडलीस."

मला भयंकर राग आला. पण ती ओळ खरंच माझ्या हातून खोडली गेली होती. ती परत लिहिल्यावर गोट्याला पुन्हा तार जोडायला सांगितली. "हो" आलं. मग "उत्तरेच्या उतारावरची माती भुसभुशीत आहे, गाडी आणू नका," हेही सगळंच्या सगळं आलं. निषाद आणि मी एकदमच ओरडलो, ते चुकून.

आता निषाद परत गेलाय. पुढच्या वर्षी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला नवी यंत्रं उतरणार आहेत, आणि तीही तारेनेच बोलणार आहेत. त्यांच्यासाठी मी आज एक बदल लिहिला आणि निषादला पाठवण्याआधी सहा वेळा वाचला. त्याला त्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये.