स्वखुशीचा राजीनामा

"सही माझीच आहे," न्यायाधीश एतेल्का बोरोश म्हणाल्या. "पण राजीनामा मी दिलेला नाही."

पिरोश्का सालाईनं तो टाइप केलेला कागद घेतला. तिसा नदीकाठच्या त्या गावात खाजगी तपास करणारी ती एकटीच. सोबतीला देमेकाका, कोर्टातले निवृत्त पट्टेवाले. त्यांची गेलेली नोकरी न्यायाधीशबाईंच्याच निकालानं परत मिळाली होती. बाईंसमोर खुर्चीत बसायला ते आजही तयार नव्हते.

"महापौरांच्या रस्त्याच्या ठेक्याचा खटला माझ्यापुढे आहे," बाई म्हणाल्या.

पिरोश्कानं राजीनामा एका कोऱ्या कागदावर ठेवून पाहिला. दोन बोटं आखूड. कुठे घडीही नव्हती.

कोर्टाचे अध्यक्ष हालमोश यांनी कॉफी मागवली. "टपालानं आला. हे त्याचं पाकीट." पाकीट अरुंद, जेमतेम वीतभर. "मला वाईटच वाटलं हो."

कारकून इबोया रडवेली झाली होती. "साहेबांनी दिला, मी फायलीला लावला. एवढंच."

"बाई साध्या कागदावर सही कधी करतात?"

"रजेच्या अर्जावर. वर दोन ओळी, तळाशी सही. मार्चमध्ये आईच्या डोळ्यांसाठी घेतली होती. अर्ज साहेबांच्या कपाटात असतात."

"हिनंच केलंय," बाहेर येताच देमेकाका पुटपुटले. "टाइप करणारी हीच."

"या माझ्याबरोबर, काका."

पिरोश्का परत हालमोशांसमोर उभी राहिली. "बाईंचा मार्चमधला अर्ज दाखवता?"

हालमोशांनी कपाट उघडलं नाही.

"नसेलच. त्याच्या वरच्या दोन ओळी कापून सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत राजीनामा छापलात. म्हणून कागद आखूड. आणि घडी न घालता तो या पाकिटात मावलाच नसता. म्हणजे टपालाची गोष्ट खोटी. कपाटाची किल्ली तुमच्याकडे, खोटं बोललात तुम्ही."

"पण बाईंना सरळ काढून का नाही टाकलं?" देमेकाकांनी विचारलं.

"काढता येत नाही, काका. मागे बाईंची बदली केली, तर न्यायाधीशावर दबाव आणला म्हणून युरोपीय संघानं गावाचा निधी रोखला. हुकूम मागे घेतल्यावरच सुटला. बाई स्वखुशीनं गेल्या, तर मात्र कुणाला विचारता येत नाही."

हालमोश मान खाली घालून बसले. "महापौरांनी गळ घातली," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बाई स्वतः देमेकाकांच्या दारी आल्या.

"निधी अडला तेव्हा दुरुस्तीविना दोन हिवाळे तुमच्या नातीच्या शाळेचं छप्पर गळत होतं. माझ्यापायी. गावात कुणी मला शब्दानं बोललं नाही. हे ऋण मी कसं फेडू?"

देमेकाकांनी टोपी काढली. "पोरगी विचारायची, वर्गात बादल्या कशाला? मी सांगायचो, आपल्या न्यायाधीशबाई जागेवर राहाव्यात म्हणून. मग ती स्वतःच बादली रिकामी करून यायची."