रिकाम्या हाताचा माणूस

१९६७ सालचा मार्च, दुसरा आठवडा. आमच्या दक्षिण गोलार्धात एव्हाना उन्हाळा सरायला हवा होता. सरला नव्हता. डिंगल्स बोअर या आमच्या गावाला तिसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, आणि मेंढ्या कुंपणाला टेकून उभ्या उभ्या मरत होत्या. तरी चित्रांचं प्रदर्शन ठरल्या दिवशीच होणार होतं, कारण ईनिड पॅस्कोने तसं सांगितलं होतं.

ईनिड आमच्या टपालकचेरीतली बाई. गावच्या कलामंडळाचीही मुख्य तीच. मंडळ म्हणजे आठ-नऊ बायका आणि टिब्स लोनर्गन. टिब्स लोकर कातरणाऱ्यांचा आचारी. तो फक्त कोंबड्या काढायचा. माझी बायको ऊना मंडळात होती. मी नव्हतो. मी जन्मभर ग्रेडर चालवला, या मुलखातले रस्ते मी सपाट केलेत. चित्रातलं मला कळत नाही, आणि कळतं असं मी कधी दाखवलंही नाही. हॉलची किल्ली माझ्याकडे असायची, आणि खिळे मी ठोकायचो. एवढाच संबंध.

मंडळाची एक रीत होती. चित्रं टांगायच्या दिवशी दुपारचा चहा होईपर्यंत दारात जे येईल ते टांगायचं. कुणाचं का असेना. दुसरी रीत ईनिडची. कुणाच्या चित्रात काही राहून गेलेलं दिसलं, की ते पुरं करायचं. कुणाच्या घोड्याला चौथा पाय, कुणाच्या छपराला धुराडं. याला ती ‘हात फिरवणं’ म्हणायची. कुणी रागवायचं नाही. एवढ्याशा गावात रागवून जाणार कुठे?

त्या दिवशी मी शेवटचा खिळा ठोकून उतरलो, तेव्हा दाराशी एक चित्र टेकवून ठेवलेलं होतं. जाड कागद, फळीला चिकटवलेला. जलरंग. नाव नाही, सही नाही. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं. धुळीत टायरची खूणही नव्हती.

चित्रात पांढरं, तडकलेलं, सपाट मैदान होतं, वर पांढरं आभाळ, आणि मधोमध एक माणूस. उंच, हाडकुळा, टोपीच्या सावलीत तोंड बुडालेलं. त्याने उजवा हात आपल्याकडे पुढे केला होता. हातात काही नव्हतं. तिथे कागद कोराच होता.

“हे बाई कुणाचं?” टिब्स म्हणाला. “भीक मागतोय की बियर?”

“तुझ्या कोंबड्यांपेक्षा बरं आहे,” ईनिड म्हणाली. “पण हात अर्धवट राहिलाय. कुणी लाजून ठेवून गेलं असेल. ऊना, तू फिरव हात. काहीतरी दे त्याला धरायला.”

“काय देऊ?”

“दे तुला सुचेल ते. चहा निवतोय.”

ऊना खुर्ची ओढून बसली. तिचा हात चटचट चालायचा. मी शिडी मागच्या खोलीत ठेवून परत आलो, तोवर झालं होतं.

तिने त्याच्या हातात पाण्याची पखाल दिली होती. कॅनव्हासची, गाडीला पुढे बांधतात तसली. रिकामी, चपटी, लोंबणारी. दुष्काळात सगळ्यांच्याच पखाली तशा लोंबत होत्या, त्यात नवल नव्हतं. पण कडी जळक्या तारेची होती. आणि खालच्या कोपऱ्याला निळ्या कापडाचं ठिगळ होतं, तिरकं शिवलेलं.

मी म्हटलं, “हे ठिगळ कुठे बघितलंस?”

“कुठे नाही. आलं हातातून.” ती हसली. “काय रे सिरिल, भूत बघितल्यासारखा उभा आहेस.”

मी चित्र उचललं आणि टांगलं.

आता ऐका. मी कुणाचं देणं ठेवत नाही. एक सोडून. सोळा वर्षांपूर्वी चित्रातल्यासारख्याच पांढऱ्या मैदानापलीकडे माझ्या ट्रकचा आस मोडला. पाणी संपलं. मी ट्रकखाली सावलीत पडून राहिलो, शेवटी जीभ लाकडासारखी झाली. मग पश्चिमेकडून एक माणूस चालत आला. एकटा, पायी. त्या बाजूला चालत येण्यासारखं काही नाही. त्याने पखाल पुढे केली. “पी,” म्हणाला. मी प्यालो. थेंब राहिला नाही. त्याने चपटी पखाल खांद्याला अडकवली, म्हणाला, “पुढच्या वेळी तू पाज,” आणि पूर्वेला चालू लागला. त्याचे ओठ फुटलेले मी बघितले होते. संध्याकाळी टपालाची गाडी आली आणि मी वाचलो. पुढे मी प्रत्येक मेंढवाड्यावर विचारलं. तो कुठेच पोचला नव्हता. त्या पखालीला जळक्या तारेची कडी होती आणि निळं ठिगळ होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ऊनालाही नाही.

प्रदर्शन उघडलं. लोक लांबून लांबून आले. त्या चित्रासमोर मात्र कुणी बोलायचं नाही. थांबायचे, आवंढा गिळायचे, पुढे व्हायचे.

“गुत्तेवाल्याने बक्षीस द्यावं या चित्राला,” टिब्स म्हणाला. “जो बघतो तो सरळ बियर प्यायला जातो.”

ऊना त्या चित्राखालच्या टेबलाशी बसायची, येणाऱ्यांना चहा द्यायला. पहिल्या दिवशी घरी आली ती थेट घागरीशी गेली. उभ्याने दोन पेले प्याली, मग तिसरा, मग घागरच तोंडाला लावली.

“उकाडा आहे,” म्हणाली.

सकाळी तिचे ओठ चिरलेले होते. ती पाणी पीत होती आणि पाणी जात कुठे होतं कळत नव्हतं. घाम नाही, लघवी नाही, डोळ्यांत ओल नाही. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. नर्स आली, बघून गेली, आणि रेडिओवर विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरशी बोलली. डॉक्टर म्हणाला, येतो. तेवढ्यात वादळ उठल्याची बातमी आली. पश्चिमेकडून लाल भिंत चालत येत होती. विमान पलीकडच्या गावातच अडकलं.

मी हॉलवर गेलो. चित्र खाली उतरवलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. घरी आलो तर ऊना तशीच. मग ईनिडला ओढत नेलं.

“ती पखाल भर,” मी म्हटलं.

“सिरिल, तुला ऊन लागलंय.”

“भर म्हणतो ना!”

माझं तोंड बघून तिने रंग कालवला, पखाल फुगवली, कॅनव्हासवर ओलीची गडद छटा दिली. चांगलं केलं, मलाही कळलं. आम्ही बघत उभे होतो तोच रंग तडकला. खपल्या सुटल्या आणि टेबलावर भुकटी पडली. खाली तीच चपटी पखाल. ईनिडने पुन्हा केलं. पुन्हा भुकटी. तिसऱ्यांदा ती कुंचला टाकून बाहेर गेली. मग मी केलं. माझ्या या बोटांनी. तेही पडलं.

ईनिड पायरीवर बसून होती. “मीच म्हटलं ना तिला… काहीतरी दे त्याला धरायला…”

मी तिच्या बाजूने निघून गेलो. सांत्वन मला जमत नाही.

घरी ऊना उशांना टेकून बसली होती. तिचं तोंड दोन दिवसांत म्हातारं झालं होतं. मी खाटेच्या कडेला बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ट्रक, माणूस, पखाल, हॉलमध्ये पडलेली भुकटी. ती डोळे मिटून ऐकत होती.

“मला आधी सांगायचं नाहीस?” ती म्हणाली. आवाज वाळक्या पानासारखा.

“काय सांगायचं? माझं देणं. माझ्यापुरतं होतं.”

“तुझ्यापुरतं.” ती हसायला गेली, ओठातून रक्त आलं. “मला वाटायचं, तू त्या मैदानाच्या बाजूला गाडी नेत नाहीस ते पेट्रोल वाचवायला.”

मी तिचा ओठ पुसला.

“सिरिल, त्याच्यापाशी दुसरं पाणी होतं का?”

“नव्हतं.”

“तोही तहानलेला होता?”

“होता.”

“मग…” ती थांबली. घसा ओढून पुन्हा बोलली. “मग टाकीतलं पाणी त्याला कसं चालेल? तुम्ही सगळे पोटभर पिऊन गेलात भरायला.”

मला ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं. मी उठलो आणि माझा पेला मोरीत ओतला.

“मी पीत नाही आजपासून. घसा सुकला की मी भरतो ती पखाल. तू पडून राहा.”

“तू उंट आहेस मेल्या. तुला सुकायला दोन दिवस लागतील.” तिने माझं मनगट धरलं. बोटं गरम, कोरडी. “मला तहान लागलीच आहे ना…”

“ऊना, नाही.”

“बरं.”

“शब्द दे.”

“बरं म्हटलं ना.”

तेवढ्यात टिब्स पळत आला. अडकलेलं विमान वादळाला न जुमानता निघालंय, डॉक्टर उतरायचा प्रयत्न करणार, धावपट्टीवरून मेंढ्या हाकायला माणसं हवीत. मी ऊनाकडे बघितलं. तिने हाताने जा म्हटलं. जाणं भाग होतं. नर्सला तिच्यापाशी बसवून मी गेलो.

आम्ही मेंढ्या हाकल्या. विमानाचा आवाज आला. ढगाच्या वर कुठेतरी ते घिरट्या घालत होतं, दिसत नव्हतं. मग वादळ आलं. भर दुपारी आधी सगळं तांबडं झालं, मग काळं. धुळीला वास असतो, जुन्या लोखंडाचा. टिब्स माझ्या शेजारी उभा होता आणि मला त्याचा फक्त खोकला ऐकू येत होता. डोक्यावर घरघर थोडा वेळ राहिली, मग लांब लांब गेली. आम्ही माना वर करून उभे. हाक मारून उपयोग नव्हता, तरी टिब्स ओरडत होता. “अरे इकडे! इकडे, गाढवा…”

मी कुंपणाची तार हाताने चाचपत घरी आलो. नर्स दार लावून घेत होती. “मी खिडक्या बंद करायला आत गेले… एवढ्यात…” ती म्हणाली. खाट रिकामी. खिळ्यावर हॉलची किल्ली नव्हती. ऊनाचा पाण्याचा पेला नव्हता.

घर ते हॉल मी डोळे मिटून जाऊ शकतो. त्या दिवशी तसाच गेलो. वाटेत तिला हाका मारल्या. धूळ तोंडात जायची आणि हाक आतच राहायची. मध्ये एकदा हात एका माणसाला लागला. खांदा होता, हाडकुळा, कोटाचं कापड चरचरीत. मी म्हटलं, “टिब्स?” तो मला वाट देऊन बाजूला झाला. टिब्स नंतर म्हणाला, तो धावपट्टीवरून हललाच नव्हता.

हॉलचं दार उघडं होतं. आत आल्यावर वारा ऐकू यायचा थांबला. पत्रा वाजत असणार. मला ऐकू आला नाही.

ऊना चित्रासमोर खुर्चीत बसली होती. चित्र तिने पुन्हा खिळ्यावर लावलं होतं, तिच्याने उभंही राहवत नव्हतं तरी. मांडीवर पेला होता. तळाशीसुद्धा ओल नाही. हातात कुंचला. मी तिच्या गालाला हात लावला. ऊब होती अजून. एवढं सोडून काही नव्हतं. तिचे ओठ मात्र फुटलेले नव्हते. भरलेले होते, ओले, लग्नाच्या वेळी होते तसे.

मी खाली बसलो. किती वेळ, सांगता येत नाही. आपण काही करू शकत नाही तेव्हा माणूस बसतो.

बाहेर उजाडल्यासारखं झालं तेव्हा मी चित्राकडे बघितलं. मैदान होतं. आभाळ होतं. माणूस पाठमोरा होता, आणि बराच लांब गेलेला. माझ्या अंगठ्याएवढा. त्याच्या खांद्याला पखाल होती, फुगलेली, गडद, तिच्या वजनाने तो एका बाजूला कलला होता. मी त्या पखालीवर बोट टेकवलं. बोटावर पाणी आलं. थंड.

माझं देणं फिटलं.