दारात अडकलेली ढगबाई

त्यांची पहिली भेट झाली ती धडकूनच. धडक खरीखुरी नव्हे, संगणकातल्या एका आभासी नगरीतली. तिथल्या सभागृहाच्या पायरीवर तो दिवे लावत होता, आणि एक करडा ढग घरंगळत येऊन त्याच्यावर आपटला. तो ढग म्हणजे ती. त्या नगरीत शिरताना माणसाचं रूप नेटवरून पुरतं उतरलं नाही, की ते असं ढगासारखं दिसतं.

"सावकाश, ढगबाई," त्याने लिहिलं. "पडणार आहात की नुसत्याच गडगडणार?"

ती उत्तर टाइप करत होती, तोच पडदा काळा झाला. प्रवेश अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.

ती व्हायोलिन वाजवायची. सुरेख वाजवायची, पण समोर माणसं बसली की हात थरथरायचे आणि गज तारेवर ठरायचा नाही. म्हणून तिने ही वाट शोधली होती. आपण घरच्या खोलीत वाजवायचं, सूर नेटवरून थेट त्या सभागृहात जायचे, आणि मंचावर आपल्या जागी उभी राहायची एक बाहुली. ऐकणारे खरे, फक्त त्यांच्या नजरा तिच्यापर्यंत पोचत नसत. नियम मात्र कडक होता – वादकाची बाहुली मंचावर हवीच. दोन रविवार ती दारातच अडकली होती. तिसऱ्यांदा तसं झालं, तर तिची वेळ दुसऱ्याला जाणार होती.

तिने मदतीचा नंबर फिरवला. फोन त्यानेच उचलला. सभागृहाची तांत्रिक बाजू तोच बघायचा.

"ढगबाई का?"

"कशावरून?"

"दारात अडकलेलं सध्या दुसरं कोणी नाही."

मग रोज संध्याकाळी फोन सुरू झाले. पासवर्ड बदलून झाला. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकून झाला. राउटरला विश्रांती देऊन झाली. दर वेळी तो विचारायचा, "बाकी सगळं बंद केलंय ना?" आणि ती म्हणायची, "सगळं." दर वेळी दार तिला बाहेर ढकलायचं, आणि ती ओठ घट्ट मिटून म्हणायची, "पुन्हा."

"पासवर्ड एवढा लांब असतो होय गं?" वहिनीने दारातून डोकावत विचारलं. "तासभर सांगतेयस."

"वहिनी, तू जा बघू."

"जाते. पण त्या पासवर्डला म्हणावं, एकदा घरी ये."

फोनच्या पलीकडे कोणीतरी खोकलं.

रविवारची दुपार झाली. मंचाची वेळ अर्ध्या तासावर आली, तरी ती बाहेरच होती.

"हे बघा..." तो अडखळला. "आजचं राहू दे का? मी त्यांच्याशी बोलून बघतो."

"नाही. आजच. पुन्हा."

तेवढ्यात वहिनी आत आली. "अगं, आधी ते तुझं रेकॉर्डिंग तरी बंद कर. एकमेकांचं ऐकू कसं येतं तुम्हाला?"

ते फोनवर त्यालाही ऐकू गेलं. मग तो हळूच म्हणाला, "रेकॉर्डिंग? घरात कोणी वाजवत नाहीये?"

"माझंच आहे, जुनं. नेटवर ठेवलंय, ते लावते. ऐकलं की वाटतं, हे जमलं होतं आपल्याला... धीर येतो."

"नेटवरून? रोज? मी सगळं बंद करा म्हणत होतो तेव्हाही?"

"मग? संगीत कोणी बंद करतं का?"

तो हसत सुटला. मग समजावून सांगू लागला, "तुमची लाइन म्हणजे अरुंद बोळ. शिरताना तुमच्याबरोबर सगळं सामान येतं – चेहरा, कपडे, व्हायोलिन. आणि त्याच बोळात तुमचे सूर ठाण मांडून बसलेत. त्यांना उठवा. एकदा आत पोचलात की बोळ मोकळा. मग हवं तेवढं वाजवा."

तिचं बोट बटणावर थांबलं. त्या रेकॉर्डिंगशिवाय तिने आठवडाभर काहीच केलं नव्हतं.

"मी आहे फोनवर," तो म्हणाला.

तिने संगीत बंद केलं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. तिने पासवर्ड टाकला... दार उघडलं. आधी ढग, मग केस, मग निळी बाही, मग हातातला गज. सभागृह भरलेलं होतं. तिने फोन बाजूला ठेवला, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, आणि ठरलेली वेळ संपेपर्यंत मनसोक्त वाजवलं.

फोन पुन्हा कानाला लावला, तर तो अजून होताच.

"पुढचे रविवार तुमचेच, सांगितलंय त्यांनी," तो म्हणाला. "एक कबूल करायचंय. तुमच्यामागे काहीतरी वाजतंय, हे मला पहिल्या फोनपासून ऐकू येत होतं. कोण वाजवतंय ते विचारलं नाही, कारण मला ते ऐकत राहायचं होतं. विचारलं असतं, तर तुम्ही आवाज बारीक केला असता."

"म्हणजे माझे रविवार बुडायला आले होते ते..."

"माझ्यामुळे बुडत होते. हो."

ती रागावायला गेली, पण हसू आलं. "आता?"

"आता समोर बसून ऐकायचंय. चालत असेल तर... मी डोळे मिटून बसेन, हवं तर."

तिने हातांकडे पाहिलं. ते थरथरत होतेच, आणि तरीही ती म्हणाली, "या. डोळे उघडे ठेवून."