कार्ड घेता का, ते आधी सांगा

पांढरी गाडी किराणा दुकानासमोर उभी होती, आणि मला पांढऱ्या गाडीनेच जायचं होतं. आता यात माझं काय चुकलं, सांगा बरं. मी दार उघडलं, पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि चालकाला झापलं.

"उशीर केलात. डॉक्टर काय माझ्यासाठी दुकान उघडं ठेवून बसणार आहेत का?"

तोंडाशी नेलेला कॉफीचा कप त्यानं खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "माफ करा," आणि त्यानं गाडी सुरू केली.

आवाज छान होता... खालच्या पट्टीतला, कुठलीही घाई नसलेला. चेहरा मला दिसत नव्हता. त्या उन्हाळ्यात मला कोणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता. केस मात्र कळले. तपकिरी, दाट, कानावर आलेले. माझा धंदाच तो. आमच्या घळीत घराच्या पुढच्या खोलीत मी खुर्ची आणि आरसा मांडलाय, आणि दोन डोंगरांमधली सगळी डोकी माझ्या हाताखालून जातात.

चष्म्याच्या दुकानदारानं वसंतातच सांगितलं होतं, "ओपल, हे चष्म्याचं काम नाही. बुबुळावरचं पटल पातळ होऊन पुढे सुळक्यासारखं येतंय. डोळ्यांचा डॉक्टर गाठ, तो हे थांबवू शकेल. उशीर केलास तर दुसऱ्या कोणाचं पटल बसवायची वेळ येईल." डॉक्टर गाठ, म्हणे. माझ्याकडे राज्याचं आरोग्य कार्ड होतं, कार्डावर डॉक्टरकडे न्यायला फुकट गाडीही मिळत होती. नव्हता तो फक्त डॉक्टर.

गाडीच्या मागच्या भागातून सारखा गुं-गुं आवाज येत होता. मी म्हटलं, इंजिन तपासून घ्या. तो म्हणाला, घेतो. पुढे कड्यावर, जिथे सावरवुडची झाडं पांढऱ्या बहरानं लवली होती, तिथे त्यानं गाडी थांबवली आणि मागून खोकी उतरवायला लागला. सरकारी गाडीत खासगी माल? मी त्याला खिडकीतून चांगलं सुनावलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. पण यांना ऊन सोसत नाही." वाद घालणाऱ्याशी मी दिवसभर भांडू शकते. असं पडतं घेणाऱ्याशी कसं भांडायचं?

शहरातल्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं कार्ड बघितलं आणि दोन बोटांनी परत सरकवलं. हे कार्ड आम्ही आता घेत नाही. मी म्हटलं, कार्ड घेणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत तुमचं नाव आहे. ती म्हणाली, यादी जुनी आहे. मागे बसलेल्या सगळ्यांचे कान माझ्या पाठीला चिकटलेले मला कळत होते. मी मान ताठ ठेवून बाहेर आले. रडले नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सरकारी गाडीच्या कचेरीतली बाई म्हणाली, आमचा चालक दुकानासमोर थांबून परत गेला, तुम्ही आलाच नाहीत.

मी फोन ठेवला आणि पायरीवर उभ्या असलेल्या त्या तपकिरी केसांकडे वळले.

"मग तू कोण?"

"डेन्झिल. पलीकडच्या घळीतला. मधमाश्या पाळतो."

"सांगितलं का नाहीस?"

"तू पट्टा लावला होतास," तो म्हणाला.

आमच्या डोंगरात एकदा गाडीत बसलेल्या माणसाला कोणी उतरवत नाही. चुकून बसला असला तरी नाही.

"आणि मागचा तो गुं-गुं आवाज?"

"इंजिन नव्हतं ते."

मी हसले. इतकी हसले की पायरीवर बसावं लागलं, आणि मग नको ते पाणीही डोळ्यांतून आलं. तो शेजारी बसला.

पण फुकट घेणं आमच्या घरात बसत नाही. डॅडींची उमेदीची सगळी वर्षं कोळशाच्या खाणीत गेली. आता नाकात प्राणवायूची नळी आहे, तरी कोणी घेवड्याचं कालवण आणून दिलं तर भांडं रिकामं परत जाऊ देत नाहीत. म्हणून संध्याकाळी मी डेन्झिलला खुर्चीत बसवलं आणि त्याचे केस कापले. मला नीट दिसायचं तर फार जवळ जावं लागे. त्याच्या मानेला धुराचा आणि मेणाचा वास होता. मी कानामागे कंगवा लावला की तो श्वास रोखून धरायचा...

"घाबरतोस?" मी विचारलं.

"तुला दिसत नाही म्हणतात."

"कान आहे एवढं दिसतंय."

"मग चालू दे," तो म्हणाला, आणि आरशात हसला असावा.

ठरलं. एक फेरी, एक हजामत. सरकारी गाडीला तीन दिवस आधी सांगावं लागतं. डेन्झिलला सांगावंच लागत नसे, तो येऊन उभा राही. यादीतला पुढचा डॉक्टर फक्त लहान मुलं तपासत होता. त्याच्या पुढच्यानं नवे पेशंट बंद केले होते. एकाचा फोन कोणी उचलेना म्हणून आम्ही थेट गेलो, तर तो डॉक्टर वारून वर्ष झालं होतं. यादीला त्याची खबरच नव्हती. त्या डॉक्टरच्या बायकोनं आम्हाला अ‍ॅपल पाय खाऊ घातला आणि निघताना डेन्झिलला म्हणाली, पोरी, नवरा चांगला निवडलास. तिच्याही नजरेचं माझ्यासारखंच होतं म्हणायचं. ती माझ्याऐवजी त्याच्याशीच बोलत होती.

गाडीत बसल्यावर डेन्झिल म्हणाला, "तिची चूक दुरुस्त करायला हवी होती का?"

"कोणती? तू पोरगी आहेस ती, की तू चांगला आहेस ती?"

त्याचे कान लाल झाले. तेवढं मला दिसलं.

प्रत्येक नकाराला त्याचे केस बोटभर कमी होत गेले. शेवटी चर्चमध्ये लोक विचारायला लागले, सैन्यात भरती झालास की काय? तो खुर्चीत बसून गंभीरपणे म्हणे, "आता भुवया उरल्यात. लवकर डॉक्टर शोध." आणि मी त्या खरखरीत डोक्यावरून उगाचच हात फिरवी, कापायला काही नसतानाही.

असं हसत-खेळत चाललं होतं, पण आतून मी पोखरली जात होते. एके दिवशी चर्चच्या म्हाताऱ्या डीकनच्या कानाला माझी कात्री लागली. थोडंसंच रक्त आलं. तो बिचारा म्हणाला, मीच हललो. तो हलला नव्हता. त्या रात्री झोप लागेना. कात्री गेली तर मी कोण?

मग डेन्झिलनं ते केलं. मोठ्या शहरातल्या खासगी इस्पितळात मला घेऊन गेला. तिथली बाई म्हणाली, कार्ड चालणार नाही, रोख भरलंत तर आजच डॉक्टर बघतील. आणि यानं खिशातून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. मधमाश्यांच्या निम्म्या पेट्या विकल्या होत्या त्यानं. ऐन मधाच्या हंगामात.

माझ्या अंगाची आग झाली. मी पाकीट उचललं, त्याच्या छातीवर दाबलं आणि बाहेर पडले. घरी फाटकाशी पोचल्यावर मी तोंड उघडलं.

"पेट्या परत आण. माझ्याकडे कार्ड आहे. डॅडींच्या छातीत अर्धा डोंगर भरलाय, मी बारा महिने राबते, कर भरते. ते कार्ड भीक नाही. ते घेणारा डॉक्टर मी शोधीन. तू कोण मला गरीब समजणारा?"

"गरीब नाही समजलो," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला दिसायला हवं. बास."

मी आत निघून गेले. डॅडी म्हणाले, "नाक तुझ्या आईचं घेतलंस. उंच आहे." मी म्हटलं, असू दे.

त्यानंतर तो आला नाही. मी यादी चुलीत घातली आणि माझ्या पद्धतीनं कामाला लागले. खुर्चीत बसलेल्या माणसाला मी काहीही विचारू शकते, कारण त्याच्या गळ्याशी माझा वस्तरा असतो. प्रत्येकाला एकच प्रश्न. तुमच्या घरातले डोळे कोण बघतं, आणि कार्ड घेतं का? बरेच जण हळहळले. पोस्टातल्या इम्माजीनबाई मात्र डोकं धुवून घेता घेता म्हणाल्या, अगं, शेजारच्या तालुक्यात जुन्या बँकेच्या इमारतीत दर गुरुवारी विद्यापीठातली एक डॉक्टरीण येते, माझ्या बहिणीचा मोतीबिंदू तिनंच काढला. यादीत त्या डॉक्टरणीचं नाव विद्यापीठाच्या शहराखाली आहे, इकडे कोणाला दिसणार?

साबणाच्या हातानंच मी फोन लावला. नाव-गाव काही नाही.

"राज्याचं कार्ड आहे माझ्याकडे. घेता का, ते आधी सांगा."

"घेतो की," पलीकडची बाई म्हणाली. "डोळे कोणाचे आहेत?"

इम्माजीनबाईंच्या डोक्यावर फेस तसाच ठेवून मी भिंतीला टेकले. डोळे कोणाचे... इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

डॉक्टरीणबाई उंच आणि मोजकं बोलणारी होती. उशीर झालाय, फार नाही, म्हणाली. थेंब घालून प्रकाश सोडतात, त्यानं पटल घट्ट होतं. गेलं ते परत येणार नाही, पण राहिलंय ते टिकेल आणि खास भिंग लावून कात्री चालेल. आधी उजवा डोळा, पुढच्या गुरुवारी. डोळा झाकलेला असेल, दुखेल, तेव्हा आपलं माणूस बरोबर आण.

आपलं माणूस.

आमच्याकडे देणं सोपं असतं हो, मागताना जीव जातो. मी डोंगर चढून त्याच्या घळीत चालत गेले. पांढऱ्या पेट्यांत पांढऱ्या अंगरख्यातला एक माणूस वाकलेला दिसला. पेट्या बऱ्याच होत्या.

"परत आणल्यास?"

"तू आणायला सांगितल्यास." त्यानं तोंडावरची जाळी वर केली. "चालत आलीस?"

"डोळे अधू आहेत. पाय नाहीत." मग मी जवळ गेले. "डेन्झिल... गुरुवारी मला न्यायला येशील?"

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. केस पुन्हा वाढले होते. "हजामतीच्या बदल्यात?"

"नाही. बदल्यात काहीच नाही. नुसता ये."

त्यानं हातमोजा काढला आणि माझा हात हातात घेतला. मधानं चिकट होता. मी सोडवून घेतला नाही.

गुरुवारी डोळ्यात वाळू भरल्यासारखं दुखत होतं आणि तो एकेक खड्डा चुकवत, बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवत होता. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईनं यंत्रातून डोकं काढलं आणि म्हणाली, "थांबलंय." ऐकून मीच हसले आणि मीच रडले, आणि तिच्यासमोर मला त्याची लाजही वाटली नाही.

डाव्या डोळ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही जेवत होतो. डॅडी, मी, आणि समोर डेन्झिल, मक्याच्या पावावर काकवी ओतत. फोन वाजला. सरकारी गाडीची कचेरी. दवाखान्यानंच कळवलं होतं, गाडी पाठवायची ना? त्याआधी नेहमीचा प्रश्न, बाई म्हणाली. घरात चालती गाडी आहे का? असेल तर आमची मिळत नाही.

डॅडींनी ट्रक विकल्यापासून मी खरं तेच सांगत आले होते. नाही. जे हक्काचं आहे ते खोटं बोलून का घ्यायचं? मी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात एक पांढरा ठिपका उभा होता.

"आहे," मी म्हटलं.

समोरचा चमचा थांबला.

"कोणाच्या नावावर?" बाईनं विचारलं. मी नाव सांगितलं. "ते तुमचे कोण?"

मी फोनवर हात ठेवला. "ती विचारतेय, तू माझा कोण."

डेन्झिलनं घास गिळला. "तू काय सांगणार आहेस?"

"मी सरकारशी खोटं बोलत नाही, डेन्झिल. तेव्हा नीट विचार करून सांग."

डॅडींना हसता हसता खोकला लागला. डेन्झिल उठला, टेबलाला वळसा घालून आला, माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच त्याच्या खालच्या पट्टीत, कुठलीही घाई न करता म्हणाला,

"बाई, यापुढे हिला गाडी पाठवू नका. कधीच."