नैऋत्य कोपरा अल्माचा

वादळाचा भोंगा वाजला की तळघरात उतरायचं, पण नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं नाही. तो कोपरा अल्माचा. का, ते विचारायचं नाही.

आयोवातल्या काकांच्या घरी आल्या आल्या ओडीलला हे ऐकवण्यात आलं. वादळात शेजारीपाजारी धावायचे ते नेमके नैऋत्य कोपऱ्याकडेच. वारा तिकडून येतो, तेव्हा पडझड पलीकडच्या बाजूला होणार, असा तिथला जुना समज. या एकाच घरात तो कोपरा मोकळा होता. बरणी नाही, पोतं नाही, काही नाही.

ओडील वाढली लुइझियानात, आईच्या गावी. तिथं दोन हात खणलं की पाणी लागतं, म्हणून घरं खांबांवर. खाली कोंबड्या, नाहीतर होडी. इथं हिवाळ्यात जमीन चार-चार फूट गोठते. पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो, आणि एवढं खणलंच आहे तर लोक आणखी थोडं खणून तळघर करतात. हे सगळं ती कॉलेजात शिकली होती, इंजिनिअर होती. तरी त्या पायऱ्या ती कठडा धरूनच उतरायची.

त्या दिवशी हार्लनकाकांनी तिला तळघराची भिंत तपासायला सांगितली. दगडी भिंत आत फुगली होती.

"फक्त कोपऱ्याजवळ जाऊ नकोस."

"भेग कोपऱ्यातच आहे, काका. दात बघ म्हणायचं आणि तोंड मिटून बसायचं!"

"तुझा बापही असाच वाद घालायचा."

"आणि तुम्ही त्यालाही कधी उत्तर दिलं नाहीत. गेला बिचारा, न कळताच."

"अगं, आधी कणीस खा," डोरीनकाकूंनी मध्येच ताटली सरकवली. "तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील."

चारच्या सुमाराला आभाळ हिरवट झालं. पाखरं गप्प झाली. मग भोंगा वाजला.

तिघं खाली उतरले. काका-काकू जिन्याखालच्या बाकावर बसले. दिवे गेले. ओल्या चुन्याचा आणि कोंब फुटलेल्या बटाट्यांचा वास दाटला. वर सगळं घर कण्हायला लागलं.

ओडीलनं बॅटरी लावली. सकाळी नखाएवढी असलेली भेग आता बोटभर झाली होती. ती उठली.

"ओडील, बस खाली!"

"दोन मिनिटं. भिंत हलतेय, काका."

अंधारात काकांनी श्वास आत ओढल्याचं तिला ऐकू आलं. ती कोपऱ्यात गेली. तळवा दगडावर टेकवला. दगड आत येत होता... मागे जात होता... आणि मग वास आला. नुकत्याच इस्त्री केलेल्या, खळ घातलेल्या कपड्यांचा. बॅटरी मंदावली.

"इथं नको..." अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं. "मी उभी आहे ना..."

छातीवर दोन थंडगार तळवे टेकले आणि तिला जोरात मागे ढकललं. ती बटाट्याच्या पोत्यांवर आदळली. त्याच क्षणी सगळा कोपरा दगड-चिखलासकट कोसळला, ती उभी होती नेमका तिथं.

वारा गेला. वरून राखाडी उजेड आला. काका-काकू बाकावरच होते, एकमेकांचे हात घट्ट धरून.

"मला कुणी ढकललं?"

काकांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. माझी बहीण अल्मा सतराची. बाबांनी तिला तिथं उभं केलं. तीच जागा सुरक्षित, म्हणाले. ती सांगत होती, भिंत हलतेय. बाबा म्हणाले, मोठ्यांना शहाणपण शिकवू नकोस. मग भिंत तिच्यावरच कोसळली."

ओडीलचे डोळे भरून आले. कधीही न पाहिलेली आत्या... आणि ओडील मघाशी म्हणाली तेच शब्द.

काकू घाईनं उठल्या. "झालं ते झालं. उद्याच काँक्रीट ओतून हा कोपरा बुजवून टाकू. आणि तू गावात कुठं बोलू नकोस."

"नाही."

"काय नाही?"

"बुजवू देणार नाही. आमच्याकडे लुइझियानात मेलेल्यालासुद्धा जमिनीखाली ठेवत नाहीत, थडगं वरच बांधतात. तुम्ही तिला साठ वर्षं इथं उभं करून ठेवलंत, आणि तरी तिनं मला वाचवलं. तिच्यावर काँक्रीट? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

ती ढिगाऱ्याकडे वळली. आवाज आपोआप खाली आला. "आत्या, तुझे उपकार कसे फेडू... आता उभं नको राहूस. चल, वर चल."

धरायला दिल्यासारखा एक हात मागे ठेवून ती जिन्याकडे निघाली.  काका-काकू भिंतीला पाठ लावून तिच्या वाटेतून बाजूला झाले. ती पायऱ्या चढून वर पोचली, तरी ते तसेच भिंतीला चिकटून उभे होते, आणखी कुणाला तरी जायला वाट द्यावी तसे.