धाकटीचे रिटेक

त्याची-माझी पहिली भेट झाली तेव्हा मी खुनाची कबुली देत होते.

"हो, मीच! ताई बुडत होती आणि मी काठावर उभी राहून बघत होते!" जिन्यात भिंतीकडे तोंड करून, दातओठ खात मी म्हणाले... आणि मागे कुणाची तरी पावलं थबकली. वळून पाहिलं तर एक उंच मुलगा, हातात वायरचं भेंडोळं, चेहरा पांढराफटक.

"पोलिसांना बोलवू," तो हळूच म्हणाला, "की आधी पाणी देऊ?"

लाजेनं मी अर्धमेली झाले. हातातले कागद पुढे केले. "ऑडिओबुक आहे... धाकट्या बहिणीचा आवाज मी करतेय. सराव चालला होता."

"मग माझ्याकडेच आलात. रेकॉर्डिंग मीच करतो." त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "चला वर, धाकटीबाई. पण तुम्ही पुढे चाला. मला पाठीमागे खुनी नको."

कादंबरी मोठी भयंकर होती. तळ्यात बुडालेली थोरली बहीण, घरात तिचं नावही काढू न देणारी आई, आणि सगळं ठाऊक असून वर्षानुवर्षं गप्प बसलेली धाकटी. थोरली मेल्यावरही धाकटीच्या डोक्यात बोलत राहते, म्हणून तिला वेगळा आवाज होता. तो आवाज देणाऱ्या मुलीचं रेकॉर्डिंग सकाळी, माझं दुपारी. आम्ही कधी समोरासमोर आलोच नाही. ती मला फक्त हेडफोनमधून भेटायची. मधात बुडवून काढलेला आवाज, मेला!

काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. "कानातले काढ ना, वाजतायत," तो हेडफोनमधून सांगायचा, आणि मी उगाचच सावकाश काढायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. वाचताना मान वर केली की तो बघत असायचा... आणि मी बघितलं की घाईघाईनं बटणांकडे वळायचा. मला फार आवडायचं ते.

पण थोरली होती ना मध्ये!

"तिचं कसं झालं सकाळी?" मी सहज विचारल्यासारखं विचारायचे.

"थोरलीचं? झालं की. एका टेकमध्ये ओके."

आणि माझं? "छान झालं... पण अजून एकदा घेऊ या?" मग अजून एकदा. मग परत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी का मी वाईट वाचते? एके दिवशी तर आतल्या खुर्चीवर तिचा पिवळा स्कार्फ पडला होता. "विसरली वाटतं," तो म्हणाला, "गोड पोरगी आहे, पण वेंधळी." गोड! मी स्कार्फवरच बसले.

घरीही मी तिच्याच नावानं बोटं मोडत होते. शेवटी आई म्हणाली, "अगं, सारखी कुठल्या थोरलीला शिव्या घालतेस? तुला कुठे बहीण आहे?"

"नाहीये. म्हणून वाचली."

मग कबुलीजबाबाच्या प्रकरणाचा दिवस आला. मी वाचू लागले, "सगळ्यांना तीच आवडायची. ती मरावी असं मला वाटलं नव्हतं गं आई. फक्त एकदा, कुणीतरी तिच्या आधी माझ्याकडे बघावं... एवढंच..."

आणि माझा आवाज फुटला. अक्षरं दिसेनात. इतके दिवस ज्या धाकटीला मी मनातल्या मनात दुष्ट म्हणत होते, तिचं दुखणं माझंच होतं. न पाहिलेल्या एका मुलीचा मी इतका राग करत होते की माझी मलाच भीती वाटली. तिच्यापेक्षा मी कमी आहे, असं त्याला वाटत असलं तर? ते मला सोसणार नव्हतं.

हेडफोनमधून तो, अगदी हळू, "सुंदर... अजून एकदा घेऊ या?"

झालं! हेडफोन काढून ठेवला... खरं तर आपटलाच, आणि दार उघडून तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तिला एकात ओके, आणि मला सारखं अजून एकदा! घसा सोलून निघालाय माझा. जमत नसेल तर सांग ना स्पष्ट! धाकटीसुद्धा तिच्याकडूनच करून घे!"

तो कानापर्यंत लाल झाला. "जमत नाही असं कोण म्हणालं? पहिलाच टेक ठेवतो मी तुझा. नेहमीच."

"मग बाकीचे?"

"ते..." तो वायरशी चाळा करू लागला. "ते तू लवकर निघून जाऊ नयेस म्हणून."

"आणि तिला एका टेकमध्ये ओके?"

"तिचं भराभर उरकतो," तो पुटपुटला, "म्हणजे मग सगळी दुपार तुझी. चुकलंच माझं. घशाचा विचारच केला नाही."

"लबाडा! 'थांबतेस का' असं सरळ विचारता येत नव्हतं?"

"तू नाही म्हणाली असतीस तर? रिटेकला तू नाही म्हणत नाहीस."

राग तर खूप आला होता. पण आतून काहीतरी इतकं हलकं झालं होतं की तो धरून ठेवणं कठीण जात होतं.

"विचार आता."

त्यानं वायर खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं—या वेळी नजर न वळवता. "थांबशील? काम झाल्यावर... ही कादंबरी संपल्यावरसुद्धा?"

"थांबेन. मला आवडतोस तू," मी म्हणून टाकलं. "आणि थोरली अजिबात आवडत नाही!"

प्रकरणाचं शेवटचं पान राहिलं होतं. तळ्याकाठी एकटीच बसून धाकटी बहिणीसाठी रडते, ते. मी परत आत गेले, कागद उचलला, वाचू लागले.

"बाई," कानात आवाज आला, "बहीण गेलीय तुझी. आवाजात हसू येतंय."

गाल आवळून पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. त्यानंतर तर तोच हसत सुटला. "हे काही आज व्हायचं नाही. ऊठ, चल."

तो स्टुडिओला कुलूप लावत होता, तेव्हा मला राहवलं नाही.

"ती येणार आहे का उद्या सकाळी?"

"हो. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "एकाच टेकमध्ये ओके करायचं तिला. चुकली तरी!"